कराटेमधला 'ट' जपानात नाही

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर आठवड्यातून तीन दिवस कराटेचा क्लास भरतो. पांढरे कपडे घातलेली तीसेक पोरं रांगेत उभी राहून हवेत गुद्दे मारतात आणि प्रत्येक गुद्द्याला ओरडतात, "इच! नी! सान! शी!" परवा जिन्यात शेजारच्या काकूंनी मला अडवलं. "अहो, ही मुलं कुठल्या भाषेत मोजतात? घरी यांना एकोणसत्तर म्हणजे किती ते कळत नाही." म्हटलं, जपानी. "मग सर जपानी आहेत का?" सर सांगलीचे. काकूंचं समाधान झालं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही नाही.

सप्टेंबर २०२६ मधल्या आशियाई क्रीडा स्पर्धा जपानमध्ये, आइची-नागोया इथे ठरल्या आहेत. म्हणजे टीव्हीवर 'हाजिमे', 'इप्पोन', 'काता' हे शब्द पुन्हा कानावर पडणार. ज्युदो, कराटे, सुमो, सुडोकू, गो हे शब्द आज जगभरच्या इंग्रजीत रुळलेले आहेत आणि तिथून ते आपल्याकडेही आले. गंमत अशी, की यातले निम्मे खेळ जपानात जन्मलेच नाहीत. मग नावं जपानी कशी?

## एका अक्षराचा पुरावा

जपानी भाषेत ट आणि ड नाहीत. त्यांचा त आपल्या तबल्यातल्या 'त'सारखा, जीभ दाताला टेकवून म्हणायचा. तोक्यो, तोयोता, कराते. इंग्रजी माणूस मात्र जीभ टाळूकडे नेतो, आणि त्याचा उच्चार आपल्या कानाला ट वाटतो. म्हणून टेबल, टॅक्सी, टोकियो. आपण 'कराटे' म्हणतो याचा अर्थ हा शब्द आपल्याकडे थेट जपानहून आलेला नाही, इंग्रजीच्या गाडीत बसून आला आहे. 'सुडोकू'तला ड तसाच. मूळ उच्चार 'सूदोकू'च्या जवळचा. वर्तमानपत्रं 'ज्युडो' आणि 'ज्युदो' दोन्ही छापतात, त्यातले द-वाले नकळत मुळाच्या जवळ गेले आहेत.

एका भाषेने दुसरीकडून घेऊन आपल्यात मुरवलेल्या अशा शब्दाला उसना शब्द म्हणू. उसना म्हटलं तरी तो परत करायचा नसतो. वाटीभर साखर नेणाऱ्या शेजारणीशी त्याचं एवढंच साम्य, की तो मागताना कुणी कागद करत नाही. शब्द मुरला हे ओळखायचं कसं? त्याच्यापुढे खुलासा द्यावा लागत नाही आणि घेणाऱ्या भाषेचे नियम त्याला लागू होतात. जपानीत अनेकवचनाचा वेगळा प्रत्यय सहसा लागत नाही, पण इंग्रजीने 'दोजो'ला (कराटे-ज्युदोच्या सरावाच्या जागेला) आपला 'एस' लावून टाकला. आपण 'सुडोकू'ला लिंग दिलं: सुडोकू सोडवलं, कोडं सोडवलं तसं. जपानीत लिंगाची भानगडच नाही.

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाने मार्च २०२४ मध्ये जपानी मुळाचे २३ शब्द एका दमात घेतले. त्यात निम्म्याहून जास्त खाण्यापिण्याचे होते. आजचं इंग्रजी जपानकडून जेवण घेतं; त्याच्या आधीच्या शतकात ते कुस्ती घेत होतं.

## तांदळाची पोती आणि लंडनच्या बायका

जपानने दोनशेहून अधिक वर्षं आपली दारं परदेशी लोकांना जवळजवळ बंद ठेवली होती. १८५३ मध्ये अमेरिकी नौदलाचा कमोडोर पेरी युद्धनौका घेऊन किनाऱ्यावर आला, १८५४ मध्ये परत आला आणि तह झाला. त्या भेटीत जपान्यांनी पाहुण्यांना तांदळाची पोती भेट दिली, आणि ती उचलून आणायला सुमोचे मल्ल बोलावले. अवाढव्य माणसं पोती खेळण्यासारखी वाहून नेताना अमेरिकी खलाशांनी पाहिली. आमच्याकडे तोफा नसतील, पण हे आहेत, असं काहीतरी यजमानांना सांगायचं असावं.

सुमोचा आखाडा म्हणजे 'दोह्यो', मातीचा ओटा आणि त्यावर ४.५५ मीटर व्यासाचं वर्तुळ. वर्तुळाबाहेर पाऊल पडलं किंवा तळव्यांखेरीज अंगाचा कुठलाही भाग जमिनीला लागला की हार. लढतीआधी मूठभर मीठ फेकून जागा शुद्ध करतात. हे सगळे बारकावे मागे राहिले आणि इंग्रजीत 'सुमो' हा एकच शब्द गेला, तोही बऱ्याचदा कुठल्याही अगडबंब गोष्टीला विशेषण म्हणून. (महाराष्ट्रात 'सुमो' म्हटलं की अजूनही आधी गाडी आठवते. १९९४ साली आलेल्या त्या गाडीचं नाव जपानी मल्लांवरून पडलं असं अनेकांना वाटतं. ते सुमंत मूळगावकर यांच्या नाव-आडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून आहे.)

लढण्याच्या कलांपैकी पाश्चात्त्यांना आधी भुरळ पडली ती जुजुत्सूची. नि:शस्त्र माणसाने हत्यारबंद किंवा दांडग्या माणसाला कसं पाडायचं, याच्या डावपेचांना दिलेलं हे एकत्रित नाव. 'जू' म्हणजे मऊ, लवचीक. 'जुत्सू' म्हणजे कसब. पुरात झाडं उन्मळतात आणि लव्हाळी टिकतात हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. 'जू'मध्ये तेच आहे. जपानात राहून आलेल्या बार्टन-राइट नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८९८ च्या सुमारास लंडनमध्ये याचे वर्ग काढले आणि स्वत:चं नाव मिसळून कलेला 'बार्टित्सू' म्हटलं. नाव टिकलं नाही, पण त्याने जपानहून आणलेले शिक्षक टिकले. पुढे एडिथ गॅरड ही जेमतेम पाच फुटांची बाई लंडनमध्ये जुजुत्सू शिकवू लागली आणि मताधिकारासाठी रस्त्यावर उतरलेल्या स्त्रियांना पोलिसांच्या हातून कसं सुटायचं, याचे धडे तिने दिले. शब्द इंग्रजीत रुजायला वर्तमानपत्रांची मदत लागते. पोलिसाला चीत करणारी बाई ही बातमी कुठला संपादक सोडेल?

## कानोमास्तरांनी काय बदललं

जपानात मात्र तेव्हा जुजुत्सूचे दिवस फिरले होते. सामुराई संपले होते आणि त्यांची कला मारामारीत किंवा तमाशासारख्या खेळांत दिसायची. जिगोरो कानो हा लहान चणीचा, शिकलेला तरुण. त्याने १८८२ मध्ये तोक्योतल्या एका बौद्ध मंदिराच्या जागेत मूठभर शिष्य घेऊन 'कोदोकान' ही शाळा काढली. धोकादायक डाव सरावातून बाजूला काढले, पडायचं कसं ते आधी शिकवलं आणि नावातलं 'जुत्सू' काढून 'दो' घातलं. दो म्हणजे मार्ग, वाट. कसबाची झाली साधना. पुढे केंदो, आइकिदो या लढण्याच्या कलांच्या नावांतही हाच 'दो' दिसतो.

कानो पेशाने शिक्षक होता, म्हणून त्याने शिक्षकाला सुचेल तेच केलं: अभ्यासक्रम लावला, इयत्ता ठरवल्या. बैठ्या 'गो' खेळातल्या खेळाडूंसाठी जपानमध्ये 'दान' नावाची श्रेणी आधीपासून होती. कानोने ती १८८३ मध्ये ज्युदोला लावली. दान म्हणजे पायरी. आपल्या सोंगट्यांच्या पटावर दान पडतं, यांचं मिळवावं लागतं. तिथून ती पद्धत कराटेत गेली. म्हणजे गच्चीवरच्या पोराला उद्या 'फर्स्ट दान' मिळेल तेव्हा त्याच्या गळ्यात पडणारी पदवी मुळात मांडी घालून खेळायच्या खेळातली असेल.

१९०९ मध्ये कानो आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीवर गेला; तिथे बसणारा तो पहिला आशियाई. त्याच्याही आधी, १९०४ मध्ये, त्याचा शिष्य यामाशिता अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना व्हाइट हाउसमध्ये डाव शिकवत होता. अखेर १९६४ च्या तोक्यो ऑलिम्पिकमध्ये ज्युदो आलं. खुल्या गटात डच खेळाडू अँटन गेसिंकने जपान्यांना त्यांच्याच घरात हरवलं. जपानमध्ये रडारड झाली. पण शब्दांच्या बाजूने पाहिलं तर याहून मोठा विजय नव्हता. हरवणारा डच, पण पंचाने जाहीर केलेला निकाल जपानी भाषेत, आणि ते कुणालाच विचित्र वाटलं नाही.

आजही तसंच. पंच 'हाजिमे' म्हणतो (सुरू करा), 'मात्ते' म्हणतो (थांबा). प्रतिस्पर्ध्याला वेगाने, जोराने आणि ताबा ठेवून पाठीवर आपटलं की 'इप्पोन', लढत संपली. थोडी कसर राहिली तर 'वाझाआरी'. दोन वाझाआरी मिळून एक इप्पोन. त्याखालचा गुण 'युको'. हा २०१७ मध्ये काढून टाकला होता, २०२५ पासून परत आणला. मधल्या वर्षांत शिकलेल्या खेळाडूंना तो शब्द नव्याने शिकावा लागला, मग ते ब्राझीलचे असोत की मणिपूरचे.

## सारखा उच्चार, वेगळा अर्थ: कराटेचं नामांतर

कराटे मूळचं ओकिनावाचं. जपानच्या दक्षिणेकडची ही बेटं पूर्वी र्‍यूक्यू नावाचं वेगळं राज्य होती. चीनशी त्यांचा जुना व्यापार होता आणि तिथल्या मुष्टियुद्धाची छाप त्यांच्या कलेवर पडली होती. १८७९ मध्ये जपानने हे राज्य स्वत:त विलीन केलं. त्या कलेला 'चिनी हात' अशा अर्थाचं नाव होतं. 'हात' म्हणजे 'ते', आणि चीनसाठी असलेल्या चिन्हाचा एक उच्चार 'करा'.

इथे जपानी लिपीबद्दल एक गोष्ट कळली पाहिजे. आपण उच्चार लिहितो. त्यांच्या चिनी वळणाच्या चिन्हांत अर्थ लिहिला जातो, त्यामुळे एकाच उच्चाराची दोन वेगळी चिन्हं असू शकतात. मराठीत 'कर' म्हणजे हात आणि 'कर' म्हणजे सरकारला भरायचा तो. 'करमुक्त' लिहिलं तर हात सुटला की टॅक्स सुटला, हे देवनागरी सांगत नाही. या दोन 'कर'ना दोन चिन्हं असती तर चिन्ह बदलून अर्थ बदलता आला असता, आणि बोलणाऱ्याला पत्ताही लागला नसता.

ओकिनावात हेच झालं. 'करा' या उच्चाराचं आणखी एक चिन्ह आहे, त्याचा अर्थ रिकामा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून काही गुरू ते वापरू लागले होते. १९२२ मध्ये गिचिन फुनाकोशी ही कला घेऊन तोक्योला गेले. पुढे चीनशी वैर वाढत गेलं, तसं नावातला चीन अडचणीचा ठरू लागला. २५ ऑक्टोबर १९३६ रोजी नाहा शहरात गुरूंची बैठक झाली आणि 'रिकामा हात' हे नाव नक्की केलं गेलं. उच्चार तोच, इतिहास पुसला. निमित्त राजकारणाचं होतं हे उघड आहे, तरी अर्थ म्हणून नवं नाव चपखल बसलं हेही कबूल करायला हवं. हाच रिकामा 'करा' तुम्ही दुसरीकडेही ऐकला आहे: कराओके म्हणजे रिकामा ऑर्केस्ट्रा.

दुसऱ्या महायुद्धानंतर ओकिनावा १९७२ पर्यंत अमेरिकेच्या ताब्यात राहिलं. तिथल्या तळांवरच्या सैनिकांनी फावल्या वेळात कराटे शिकलं आणि घरी जाताना सोबत नेलं. उरलेलं काम चित्रपटांनी केलं.

ऑलिम्पिकमध्ये कराटेला एकदाच जागा मिळाली, २०२१ मध्ये झालेल्या तोक्यो स्पर्धांत. ७५ किलोंवरील गटाच्या अंतिम लढतीत सौदीच्या हमेदीने इराणच्या गंजजादेहच्या डोक्याला अशी लाथ मारली की तो बेशुद्ध पडला. नियमाप्रमाणे प्रहार आवरता घ्यायला हवा होता, म्हणून हमेदी बाद झाला आणि स्ट्रेचरवरून नेलेल्या गंजजादेहला सुवर्णपदक मिळालं. ज्यांना कराटे म्हणजे दणकून मारणं वाटत होतं ते चक्रावले. शब्द सगळ्यांना माहीत होता, पण नियम फार थोड्यांना.

## 'गो तर चिनी खेळ आहे ना?'

आहे. चीनमध्ये त्याला 'वेइची' म्हणतात, कोरियात 'बादुक'. १९ आडव्या आणि १९ उभ्या रेषा, ३६१ छेदबिंदू, काळ्या-पांढऱ्या गोट्या, आणि वेढा घालून जागा मिळवायची. खेळ चीनमध्ये जपानपेक्षा कितीतरी जुना. तरी इंग्रजीत नाव 'गो', कारण युरोपीय माणसाला तो शिकवायला जपानी गुरू भेटला.

जपानमध्ये सरकारी आश्रयाने गोची चार घराणी शेकडो वर्षं चालत आली होती, आपल्या गाण्यातल्या घराण्यांसारखी. १८८० च्या सुमारास ऑस्कर कोर्शेल्ट नावाचा जर्मन तंत्रज्ञ तिथे नोकरीला होता. तो होनइंबो घराण्याच्या गुरूकडे खेळ शिकला आणि त्याने त्यावर जर्मनमध्ये सविस्तर लिहिलं. पुढची पुस्तकं त्या वाटेने गेली. मोहरा कोंडीत सापडला की 'आतारी', पुढाकार आपल्या हाती असला की 'सेंते', हे सगळे शब्द जपानी राहिले. अमेरिकेत नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी १९७२ मध्ये व्हिडिओ गेमची कंपनी काढली आणि तिला 'अटारी' नाव दिलं, ते या 'आतारी'वरून. बुद्धिबळाच्या भाषेत सांगायचं तर कंपनीचं नाव त्यांनी 'शह' ठेवलं. (आपल्याला अटारी म्हटलं की वाघा बॉर्डर आठवते, त्याला इलाज नाही.)

मार्च २०१६ मध्ये लंडनमध्ये तयार झालेल्या संगणक-प्रणालीने सोलमध्ये कोरियाच्या ली सेडोल या नामवंत गो-खेळाडूला चिनी खेळात ४-१ असं हरवलं. प्रणालीचं नाव अल्फागो. तीन देश गुंतले, आणि नावात तो चौथा, जो मैदानात नव्हताच.

चीनवर हा अन्याय आहे का? आहे थोडासा. पण आपल्याच बुद्धिबळाकडे पाहा. चतुरंग इथून इराणला गेलं, आणि ते 'शह' आणि 'मात' हे फारसी शब्द घेऊन आपल्याकडे परत आलं. आज विधानसभेच्या बातम्यांत शह-काटशह वाचताना ते शब्द परके आहेत असं कुणाच्या मनातही येत नाही. शब्द खेळाच्या जन्मगावाचा नसतो. तो ज्याने खेळ बांधला, शिकवला आणि पुढच्या गावी पोचवला त्याचा असतो. या सगळ्या लेखात मला सांगायचं आहे ते एवढंच, आणि त्याचा सगळ्यात मजेदार पुरावा पुढे आहे.

## सडाफटिंग अंकांची गोष्ट

सुडोकू अमेरिकन आहे. हॉवर्ड गार्न्स या इंडियानातल्या निवृत्त वास्तुविशारदाने ते रचलं आणि १९७९ मध्ये 'नंबर प्लेस' म्हणजे 'अंकाची जागा' अशा सरळसोट नावाने ते एका कोड्यांच्या मासिकात आलं. ते लोकांनी सोडवलं आणि विसरले.

१९८४ मध्ये जपानच्या निकोली या कोड्यांच्या प्रकाशन संस्थेच्या माकी काजी यांनी ते उचललं आणि नाव दिलं 'सूजी वा दोकुशिन नी कागिरू'. अर्थ: अंक अविवाहितच हवेत. एका ओळीत, एका स्तंभात, एका चौकटीत प्रत्येक अंक एकदाच, जोडीदार चालणार नाही. 'सडाफटिंग अंक' हे त्याचं मराठी नाव मला फार आवडलं असतं. मासिकाच्या पानावर एवढं लांबण मावेना, म्हणून 'सू' आणि 'दोकू' ही दोन टोकं घेतली. निकोलीने दोन नियमही घातले: सुरुवातीला दिलेले अंक ३२ पेक्षा जास्त नकोत, आणि ते चौकोनात समतोल मांडलेले हवेत. शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करायची नसते, तसं कोड्याला देखणेपण देऊन त्यांनी ते पुढे पाठवलं.

न्यूझीलंडचे वेन गुल्ड हाँगकाँगमधून न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले होते. १९९७ मध्ये तोक्योच्या एका पुस्तकाच्या दुकानात त्यांना हे कोडं दिसलं. कोडी आपोआप तयार करणारा प्रोग्रॅम लिहिण्यात त्यांनी सहा वर्षं घातली आणि १२ नोव्हेंबर २००४ रोजी लंडनच्या 'द टाइम्स'ने पहिलं सुडोकू छापलं. तिथून वणवा पेटला. गार्न्स १९८९ मध्येच वारले होते. आपल्या कोड्याने जगाच्या सकाळच्या चहाचा ताबा घेतलेला त्यांनी पाहिला नाही. काजी २०२१ मध्ये गेले.

यातली खरी मेख पुढेच आहे. जपानमध्ये 'सुडोकू' हा निकोलीचा नोंदणीकृत शब्द, त्यामुळे इतर प्रकाशक तो वापरू शकत नाहीत. ते काय छापतात? 'नानपुरे'. म्हणजे 'नंबर प्लेस' या इंग्रजी नावाचं जपानी तोंडात झालेलं रूप. जपानी माणूस इंग्रजी नावाने कोडं सोडवतो आणि इंग्रज जपानी नावाने.

काकुरोची कथाही याच घरातली. अमेरिकेतलं बेरजेचं कोडं, जपानमध्ये 'कासान कुरोसू'. कासान म्हणजे बेरीज, कुरोसू म्हणजे इंग्रजी 'क्रॉस'. त्याचं आखूड रूप काकुरो, आणि ते इंग्रजीत परत गेलं तेव्हा आपल्याच क्रॉसला इंग्रजीने ओळखलं नाही.

## मागच्या बाकावरचे

केइरिन ही सायकल शर्यत १९४८ मध्ये जपानच्या कोकुरा शहरात सुरू झाली, सट्टा लावण्यासाठी. त्यातून युद्धाने मोडलेल्या शहराला पैसा मिळावा हा हेतू. पुढे एक छोटी मोटरसायकल वेग वाढवत जाते, मागे सायकलस्वार दबा धरून, मग मोटरसायकल बाजूला होते आणि झुंबड. २००० पासून ही शर्यत ऑलिम्पिकमध्ये आहे. एकिदेन ही लांब पल्ल्याची रिले दौड. नाव जुन्या डाकेच्या टप्प्यांवरून. पाचिंको हे उभं छर्‍यांचं यंत्र, नाव छर्‍यांच्या 'पाची पाची' आवाजावरून. आपल्याकडे जन्मलं असतं तर 'खडखड्या' म्हटलं असतं.

## 'मग सरळ भाषांतर का नाही केलं?'

केलंही. 'ब्लॅक बेल्ट' हे जपानी 'कुरो-ओबी'चं शब्दाला शब्द भाषांतर आहे. पट्टा डोळ्यांना दिसतो, काळा रंगही, म्हणून भाषांतर सोपं गेलं. 'दान' दिसत नाही, म्हणून तो तसाच राहिला.

बाकीचे शब्द टिकायला मैदानावरचं एक रोकडं कारण आहे. पंच फ्रान्सचा, खेळाडू मंगोलिया आणि क्युबाचे. तिघांना क्षणात कळेल अशी एक भाषा हवी. तलवारबाजीत ती फ्रेंच आहे, ज्युदोत जपानी. योगाच्या वर्गात लंडनची बाईही 'शवासन'च म्हणते, कारण तिला शिकवणाऱ्याच्या शिक्षकाने तेच म्हटलं होतं. शिवाय परका शब्द शिकवणाऱ्याचं वजन वाढवतो, हेही लपवण्यात अर्थ नाही. 'बुक्की मारायला शिका' या पाटीला फी मिळेल का?

जबरदस्तीचं भाषांतर टिकत नाही, हे जपानने स्वत: अनुभवलं आहे. बेसबॉल तिथे अमेरिकेहून गेलेला. १९४३ मध्ये, युद्धाच्या धामधुमीत, शत्रूची भाषा नको म्हणून 'स्ट्राइक'ऐवजी 'योशी' (छान) आणि 'बॉल'ऐवजी 'दामे' (चालणार नाही) असं पंचांनी म्हणायचं ठरलं. युद्ध संपलं आणि स्ट्राइक परत आला.

यावर एक चांगला आक्षेप आहे: मराठीत षटकार, फलंदाज, यष्टिरक्षक, धावचीत टिकलेच ना? टिकले, कारण कुणी हुकूम काढला नव्हता. बाळ ज. पंडित यांच्यासारखे समालोचक आकाशवाणीवर तासन्‌तास तेच शब्द चवीने बोलत होते आणि ऐकणारे कान टवकारून बसले होते. तरीही गल्लीत चेंडू भिंतीवर आदळला की पोरगं 'सिक्स'च ओरडतं. ज्युदोला असा मराठी आवाज मिळाला नाही.

## परदेशात गेलेल्या शब्दांचं काय होतं

ते आक्रसतात. जपानमध्ये 'सेन्सेई' शाळेतल्या बाईंना म्हणतात, डॉक्टरला म्हणतात, वकिलाला म्हणतात. इंग्रजीत तो मुख्यत: कराटेचा गुरू. 'इप्पोन'चा मूळ अर्थ 'एक', पण लांबट वस्तू मोजतानाचा: एक पेन्सिल, एक छत्री, एक बाटली. तोक्योच्या हॉटेलात बिअरची बाटली मागवताना हाच शब्द लागतो. जगभरच्या ज्युदो खेळाडूंना तो सुवर्णपदकाचा शब्द म्हणूनच माहीत.

'दोजो'ची कथा आपल्या दाराशी येऊन थांबते. ही व्यायामाची जागा, पण शब्द बौद्ध विहारातला. 'मार्गाची जागा' अशा अर्थाची ती चिन्हं चीनमध्ये संस्कृत 'बोधिमंड'साठी योजली गेली. बोधिमंड म्हणजे बुद्धाला ज्ञान झालं ती जागा. बोधगयेहून चीन, चीनहून जपान, जपानहून अमेरिका आणि तिथून आमच्या गच्चीवर. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग चपला बाहेर काढायला सांगा त्यांना." काढतात, म्हटलं.

## आणि आपले खेळ?

पुण्याच्या छावणीत १८७० च्या दशकात इंग्रज अधिकारी जाळीवरून फूल मारायचा एक खेळ खेळत. त्याला काही काळ 'पूना' असंच म्हणत. मग तो इंग्लंडला गेला आणि ड्यूक ऑफ बोफर्टच्या बॅडमिंटन नावाच्या वाड्यावरून त्याचं नाव पडलं. पचिसीचं इंग्रजांनी 'लुडो' केलं, लॅटिन नाव देऊन. आपण हरकत घेतली नाही, कारण पेटीवर नियम छापणारे आपण नव्हतो.

कबड्डीचं जरा बरं आहे. १९३६ मध्ये, नाहाच्या बैठकीच्याच वर्षी, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तो खेळ जगाला दाखवला. १९९० पासून तो आशियाई स्पर्धांत आहे. आपण हुतूतूचे नियम बांधले, पण ते बांधताना इंग्रजीत लिहिले, म्हणून चढाईची 'रेड' झाली आणि पकडीचं 'टॅकल'. मात्र अख्खा संघ बाद केल्यावर चढणारं 'लोण' नियमपुस्तकात 'लोना' म्हणून तसंच राहिलं आहे, आणि चढाई करणाऱ्याने एका श्वासात म्हणायचा शब्द बदलायला कुणाला परवानगी नाही.

जपानी लोक हा खेळ खेळतात, आणि बरा खेळतात. २०१० च्या आशियाई स्पर्धांत त्यांच्या पुरुषांनी कांस्यपदक मिळवलं. त्यांच्याकडे ड नाही. त्यांचा खेळाडू रेषा ओलांडून आपल्या अंगणात शिरतो तेव्हा दम धरून म्हणतो, "काबादी, काबादी, काबादी."